शेवटचं अक्षर कुणाच्या हातात देता? कराओकेतली शिरितोरी आणि गाण्याची निवड



विषयाचं नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. म्हणाले, "गाण्याची समीक्षा समजते, गायकाची समजते. पण खेळासाठी गाणी निवडायची, त्यात समीक्षा कसली?" प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं एवढंच, की समीक्षा निवडीपासूनच सुरू होते. हजारो गाणी समोर आहेत आणि मी हेच गाणं घेतो, असं म्हणताना माणूस एक मत देतो. ते मत गाण्याबद्दल असतं, स्वतःबद्दल असतं आणि समोर बसलेल्यांबद्दलही असतं. आज आपण हे तिसरं मत जरा नीट तपासणार आहोत.

'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. पुण्यात जपानी शिकलेले आणि पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं नागोयात राहिलेले आम्ही पाच जण. बोलतोय एकच, पण मतं पाचांनी वाटून घेतली आहेत. चुकली तर सगळ्यांची. (हशा)

आधी खोली डोळ्यांसमोर आणू. 'कराओके' हा जोडशब्द आहे. 'कारा' म्हणजे रिकामं, आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं तोडलेलं रूप. रिकामा वाद्यवृंद, म्हणजे गायकाची जागा मोकळी ठेवलेली साथ. गाण्याला साथ देणारं यंत्र १९६७ साली नेगिशी शिगेइची यांनी बनवलं होतं. कोबे शहरात वादक म्हणून काम करणाऱ्या इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये आपलं यंत्र बारमालकांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि तिथून प्रकार पसरला. इनोउएंनी पेटंट काही घेतलं नाही. तेव्हाचा कराओके बारमधला होता, म्हणजे अनोळखी माणसांसमोर उभं राहून गायचं. १९८५ च्या सुमारास ओकायामात एका जुन्या मालवाहू कंटेनरची खोली करून ती तासावर भाड्यानं देण्यात आली, आणि आज ज्याला 'कराओके बॉक्स' म्हणतात तो जन्माला आला. ओकायामा हे नाव पुणेकरांना नवं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. बाग आली, बॉक्स तेवढा राहिला.

बॉक्समुळे काय बदललं? श्रोते ओळखीचे झाले. ऑफिसातले, वर्गातले, घरातले. १९९२ पासून गाणी टेलिफोनच्या तारेवरून यायला लागली, त्यामुळे डिस्कच्या कपाटाची मर्यादाही गेली. आधी जाडजूड पुस्तकात गाणं शोधायचे, नंतर हातात टचस्क्रीनची पाटी आली. आता अडचण गाणं न सापडण्याची राहिली नाही, कुठलंही गाणं सापडतं हीच अडचण झाली. पाटी तुमच्याकडे येते, सात माणसं तुमच्याकडे बघतात, आणि तुम्ही काय निवडता यावरून तुमचं वय, तुमची आवड, तुमचा आगाऊपणा, सगळं ठरणार असतं. नव्या मुलानं जुनं गाणं घेतलं तर साहेबांना लोणी लावतो असं वाटतं, साहेबांनी नवं घेतलं तर तरुण दिसायचा प्रयत्न वाटतो. म्हणून प्रत्येक जण दर खेपेला तेच आपलं ठरलेलं, जपून ठेवलेलं गाणं म्हणतो. आमच्या ऑफिसातल्या मैफली वर्षभर अशाच चालल्या. सात माणसं आणि त्यांची सात गाणी.

मग कुणीतरी शिरितोरी काढली.

शिरितोरी म्हणजे शेपूट पकडणं. 'शिरी' म्हणजे मागची बाजू, 'तोरी' म्हणजे घेणं. आपल्या भेंड्यांचीच लांबची बहीण, फक्त ती गाण्यांची नव्हे, शब्दांची. तुम्ही म्हणालात 'साकुरा', तर मी 'रा'वरून 'राकुदा' म्हणजे उंट. पुढचा 'दारुमा', ती लाल गोल बाहुली. मग 'मात्सुरी' म्हणजे जत्रा, 'रिंगो' म्हणजे सफरचंद, आणि कुणी 'गोहान' म्हणजे भात म्हटलं की संपलं. तो हरला. कारण 'गोहान'च्या शेवटी 'न्' आहे, आणि 'न्'नं सुरू होणारा शब्द जपानीत नाही. नियम तीनच: नाम हवं, पुन्हा तेच म्हणायचं नाही, आणि शेवटी 'न्' नको.

हा 'न्' मराठी माणसाला पटकन कळतो, कारण जपानी कानालिपी आपल्यासारखी अक्षरांचीच आहे. एवढंच नाही, तिचा आजचा क्रम, म्हणजे अ-इ-उ-ए-ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व, हा बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. आपला पाय मोडका 'न्' त्या रांगेत सगळ्यांत शेवटी एकटा उभा असतो. 'इरोहा' नावाच्या जुन्या क्रमात तर त्याला जागाच नव्हती. ४७ अक्षरं, प्रत्येक एकदाच, आणि 'न्' बाहेर.

आता कराओकेत खेळ असा: तुम्ही जे गाणं म्हणाल त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर मी घ्यायचं आणि त्या अक्षरानं सुरू होणाऱ्या नावाचं गाणं म्हणायचं. भेंड्यांशी फरक दोन. भेंड्यांत गायलेल्या ओळीचं शेवटचं अक्षर लागतं, इथे नावाचं. आणि भेंड्यांत धृपद म्हटलं की सुटलो, इथे चार-पाच मिनिटांचं अख्खं गाणं म्हणायचं. हे दोन्ही फरक पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत, लक्षात ठेवा.

पहिला परिणाम आम्हाला लगेच दिसला. लोक मोकळे झाले. "मला 'ते' आलं हो, म्हणून हे घेतलं," एवढं एक वाक्य माणसाला किती सोडवतं! निवडीचा दोष अक्षराच्या माथी. त्या एका संध्याकाळी जमलेली साखळी आमच्या वहीत अजून आहे. ऱ्हस्व-दीर्घावरून आम्हाला पकडू नका, अक्षरं ऐका.

पहिलं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', इशिकावा सायुरी, १९७७. त्सुगारुच्या सामुद्रधुनीचा हिवाळा, रात्रीची गाडी, उत्तरेला जाणारी फेरीबोट. शेवटी 'की'. 'कि'वरून 'किमी ओ नोसेते', १९८६ च्या मियाझाकींच्या 'लापुता' चित्रपटातलं. शेवटी 'ते'. 'ते'वरून 'तेन्ताइ कान्सोकु', म्हणजे आकाशनिरीक्षण, बम्प ऑफ चिकन या बँडचं, २००१. 'कु'वरून 'कुरेनाइ', म्हणजे किरमिजी, एक्स या बँडचं १९८९ चं, घसा फोडणारं. 'इ'वरून 'इतो', म्हणजे धागा, नाकाजिमा मियुकी यांचं, १९९२ च्या अल्बममधलं. 'तो'वरून तेरेसा तेंगचं 'तोकी नो नागारे नि मि ओ माकासे', १९८६. 'से'वरून स्मॅपचं 'सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना', २००३. 'ना'वरून नात्सुकावा रिमि यांचं 'नादा सोसो', २००१, नावच मुळी ओकिनावाच्या बोलीतलं. त्याच्या शेवटी कानाला 'सो' लागतो, पण लिहिताना 'उ' येतो. म्हणून 'उए ओ मुइते आरुको', साकामोतो क्यु, १९६१, जे पुढे 'सुकियाकी' या भलत्याच नावानं १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं.

नऊ गाणी, १९६१ ते २००३. एन्का आहे, जड रॉक आहे, चित्रपटगीत आहे, तैवानची गायिका आहे, ओकिनावा आहे. कुठल्याही शहाण्या माणसानं केलेल्या यादीत ही नऊ गाणी शेजारी बसणार नाहीत. 'जे-पॉप' हा शब्दच मुळी १९८८ च्या आसपास रेडिओवर घडवलेला. त्याच्या आधीचं ते जुनं, नंतरचं ते नवं अशी भिंत त्यानं घातली. अक्षराला ही भिंत दिसत नाही. आणि शेजारी बसली की गाणी एकमेकांवर उजेड टाकतात. 'फुयुगेशिकी'मधली बोट आता नाही. १९८८ ला समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि ती फेरी बंद पडली. त्या गाण्यापाठोपाठ लापुताचं, घर सोडून निघण्याचं गाणं ऐकताना आम्हाला दोन्हींतला प्रवास वेगळा ऐकू आला. एक परतीचा, एक निघण्याचा. कुरेनाइच्या आरडाओरड्यानंतर आलेला 'इतो'चा संथपणा हा तर कुठल्याही संयोजकाला सुचू नये असा योग. हा या खेळाचा पहिला गुण, आणि समीक्षेच्या दृष्टीनं तो मोठा आहे. खेळ गाण्यांना त्यांच्या नेहमीच्या गोतावळ्यातून उठवतो.

दुसरा गुण भांडणांतला आहे. (हशा) हसू नका, खरंच. भांडण होतं तिथेच नावाकडे पहिल्यांदा नीट बघितलं जातं. मात्सुदा सेइको यांचं १९८२ चं 'आकाइ सुईतोपी'. शेवटी लांबवलेला 'पी'. पुढच्यानं काय घ्यायचं? 'पि' की लांबवण्यातला 'इ'? लिसाचं २०१९ चं 'गुरेंगे'. 'गे' घ्यायचा की त्याचा मऊपणा काढून 'के'? मोरियामा नाओतारो यांच्या २००३ च्या 'साकुरा'पुढे कंसात 'दोकुशो', म्हणजे एकलगायन, असं लिहिलेलं आहे. कंस धरायचा की सोडायचा? यामागुची मोमोए यांचं १९७७ चं एक गाणं. नाव कांजीत लिहिलंय 'शरद' आणि 'चेरी' या दोन चिन्हांनी, पण वाचायचं 'कोसुमोसु', म्हणजे कॉसमॉस. चिन्हं बघून अक्षर शोधणारा फसलाच. आणि रोमन लिपीतली नावं? 'त्सुनामी' रोमनमध्ये लिहिलं तरी शब्द जपानी आहे, त्याचा 'मि' सरळ. पण ज्यांचा शब्दही इंग्रजी, त्यांचा उच्चार जपानी जिभेनं करायचा की इंग्रजी?

यात एक बारीक गोष्ट आहे. यंत्रातली यादी पहिल्या अक्षरावर लावलेली असते. म्हणजे सुरुवात कुठली, ते यंत्र सांगतं. शेवट कुठला, ते माणसांनीच ठरवायचं. आमच्या खोलीत यासाठी एक पद्धत पडली: शंका आली की निर्णय गाणाऱ्यानं करायचा नाही, पुढे गाणाऱ्यानं करायचा. 'पि' की 'इ', ज्याला गायचंय त्यानं सांगावं. ही छोटी तडजोड आम्ही सहज केली होती. तिच्यात सगळं तत्त्व आहे, हे बरंच नंतर कळलं.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या खेळात गाणं चांगलं निवडलं, असं कधी म्हणायचं?

खेळाडू लोक म्हणतील, पुढच्याला अडवलं तेव्हा. आणि अडवायचं हत्यार सगळ्यांना माहीत आहे: 'रु'. जपानी क्रियापदांचं मूळ रूप पुष्कळदा 'रु'नं संपतं. साध्या शिरितोरीत फक्त नामं चालतात, म्हणून तिथे त्यांचा उपद्रव नाही. पण गाण्याचं नाव म्हणजे कधीकधी अख्खं वाक्य असतं. योआसोबीचं २०१९ चं 'योरु नि काकेरु' घ्या. रात्रीत धावत सुटणं. शेवटी 'रु'. आणि 'रु'नं सुरू होणारं काय आहे? फार थोडं. याचं कारण भाषेच्या इतिहासात आहे. मूळच्या जपानी शब्दांची सुरुवात 'र'नं होतच नसे. 'र'नं सुरू होणारं बहुतेक सगळं बाहेरून आलेलं, चीनमधून किंवा पश्चिमेकडून.

गाण्यांत हे किती स्वच्छ दिसतं बघा. आमच्या वहीत 'रु'ची तीन ठळक गाणी आहेत. तेराओ आकिरा यांचं १९८१ चं 'रुबी नो युबिवा', म्हणजे माणकाची अंगठी. आराइ युमि, ज्या पुढे मात्सुतोया युमि झाल्या, त्यांचं १९७५ चं 'रूजु नो देंगोन', म्हणजे लिपस्टिकनं लिहिलेला निरोप. आणि मात्सुदा सेइको यांचं १९८६ चं 'रुरिइरो नो चिक्यू', निळ्या रत्नाच्या रंगाची पृथ्वी. माणिक इंग्रजीतून आलं, रूज फ्रेंचमधून. आणि 'रुरि'? तो शब्द चीनमार्गे गेलेला आपला 'वैडूर्य' आहे. म्हणजे 'रु' हे पाहुण्यांचं अक्षर. जो 'रु' देतो तो पुढच्याला म्हणतो, तुझ्या घरात आहे का काही परक्या देशातलं?

पण हे इतकं गोड बोलून कुणी 'रु' देत नाही. तो अडवण्यासाठीच देतात. आमच्यातल्या एकानं 'रु'नं संपणाऱ्या गाण्यांची यादीच करून आणली होती. तो सलग तीन आठवडे जिंकला. आणि चौथ्या आठवड्यात मैफलीला चारच जण आले. इथे आमचं मत स्पष्ट आहे, आणि पाचांचंही एक आहे. तो डाव हुशार होता आणि निवड वाईट होती. त्यानं एकही गाणं गाण्यासाठी निवडलं नव्हतं. शेपटासाठी निवडलं होतं. गाताना त्याचं लक्ष पुढच्याच्या चेहऱ्यावर होतं, शब्दांवर नव्हतं, आणि ते ऐकू येत होतं.

उलट आमच्यातली एक जण होती, तिला कुणी फार खेळकर म्हणणार नाही. ती गाणं निवडताना शेजारी कोण बसलंय ते बघायची. एका सहकाऱ्याला 'इतो' फार आवडतं, पण तो आपण होऊन कधी घेणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ती नागाबुची त्सुयोशी यांचं 'कान्पाइ' म्हणायची, नाही तर तेरेसा तेंगचं 'त्सुगुनाइ', नाही तर होशिनो गेन यांचं 'कोइ'. तिन्हींच्या शेवटी 'इ'. वर्षं अनुक्रमे १९८०, १९८४, २०१६. 'इ' हातात पडला की तो ओशाळून हसायचा आणि 'इतो' लावायचा. तिनं स्वतःचं गाणंही मनापासून म्हटलेलं असायचं, हे महत्त्वाचं. शेपूट दुसऱ्यासाठी, गाणं स्वतःसाठी. दोन्ही एका नावात बसवायचं, हे अवघड काम आहे. त्याला आम्ही चांगली निवड म्हणतो.

भेंड्यांत हे होतं का? थोडंसं. सहलीच्या बसमध्ये 'ठ' आणि 'ळ' देणारे असतात, आणि "चल, 'ळ'चा 'ल' घे" म्हणणारेही असतात. पण भेंड्यांत गट असतात, अक्षर गटाला जातं. कराओकेत ते एका माणसाच्या हातात पडतं, आणि त्याला ते घेऊन एकट्यानं पाच मिनिटं उभं राहायचं असतं. देण्याची जबाबदारी म्हणून वाढते.

आता या खेळावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. तो आमच्यावर कुणी घेतला नाही, आम्हीच घेतला. या खेळात गाणं कुणी ऐकत नाही.

कारण उघड आहे. नाव गाणं सुरू व्हायच्या आधीच कळलेलं असतं. शेवटचं अक्षर काय, हे पहिल्या सुरालाच ठाऊक. मग पुढचे पाच मिनिटं सगळ्यांची डोकी पाटीत. भेंड्यांत निदान शेवटचा शब्द पकडायला कान टवकारावे लागतात. इथे तेवढंही नाही. आम्ही मघाशी कौतुक केलं की फुयुगेशिकीच्या शेजारी लापुता ऐकू आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते ऐकू आलं ज्यांची पाळी होऊन गेली होती त्यांनाच. बाकीचे 'ते' शोधत होते. खेळानं निवडीचं ओझं हलकं केलं खरं, पण ऐकण्याची किंमत घेऊन. काही जण यावर उपाय म्हणून नावाऐवजी गाण्याच्या शेवटच्या ओळीचं अक्षर घेतात, म्हणजे आपल्यासारखं. आम्हीही करून पाहिलं. ऐकणं वाढलं, पण लाजणाऱ्या माणसांची पंचाईत झाली, कारण तयारीला वेळच उरेना. ज्यांच्यासाठी खेळ काढला तेच गप्प बसले.

शिवाय नियमाचा दुसरा अन्याय आहे. 'न्'नं संपणारी गाणी बाद. स्पिट्झचं १९९५ चं 'रॉबिन्सन' बाद. योनेझु केन्शी यांचं २०१८ चं 'लेमन' बाद. १९७५ चं 'सोत्सुग्यो शाशिन', म्हणजे शाळेच्या निरोपाचा फोटो, बाद. आणि गंमत म्हणजे 'रु'मधून सोडवायला येणारं 'रूजु नो देंगोन', त्याच्याही शेवटी 'न्'. वाचवता वाचवता बुडवणारं गाणं. शेवटची दोन तर एकाच गायिकेची, एकाच अल्बममधली. ज्या नियमानं अशी गाणी खोलीबाहेर ठेवली, त्याला चांगला कसा म्हणावा?

या दोन्ही आक्षेपांचं उत्तर आम्हाला तर्कानं सापडलं नाही. एका संध्याकाळी सापडलं. तेवढं सांगून थांबतो.

आमच्या विभागात एक वरिष्ठ होते. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. गाणं ठरलेलं, फुयुगेशिकी, आणि ते फार नीट म्हणत. त्या दिवशी विभागात नवी आलेली मुलगी त्यांच्या आधी होती. तिला 'यो' आलं आणि तिनं 'योरु नि काकेरु' लावलं, कारण तिला तेच येत होतं. गाणं संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण साहेबांना 'रु' दिला. ती लाल झाली. उठून माफी मागायला लागली. आमच्याकडे हरणाऱ्याला शिक्षा होती: खाली जाऊन सगळ्यांसाठी पेयं भरून आणायची.

साहेबांना 'रुबी नो युबिवा' येत नसेल, हे शक्यच नव्हतं. त्यांच्या पिढीचं गाणं ते. आम्ही वाट बघत होतो. त्यांनी पाटी घेतली, थोडं शोधलं, आणि पडद्यावर नाव आलं: 'रूजु नो देंगोन'. कुणीतरी घाईनं म्हणालं, "साहेब, शेवटी 'न्' आहे." ते म्हणाले, "माहीत आहे."

आणि म्हटलं. बाईच्या आवाजाचं, उडत्या चालीचं गाणं, खालच्या पट्टीत, थोडं अडखळत. आता ऐका काय झालं. पुढचं अक्षर नव्हतं. त्यामुळे कुणाला काही शोधायचं नव्हतं. पाटी टेबलावर पालथी पडून होती. सात डोकी वर होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एक गाणं सगळ्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं, दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका धरला. गाणं संपलं, ते हरले, सात पेल्यांचा ट्रे घेऊन साहेब स्वतः खाली गेले. आमच्या ऑफिसात ती फेरी नेहमी सर्वांत लहानाची असायची. त्या मुलीनं उठायला बघितलं, तर म्हणाले, "नियम आहे, बस."

हेच गाणं का, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मंडळी, त्या दिवशी आम्हाला 'न्' समजला. आम्ही त्याला अडसर धरून चाललो होतो. पण साखळीतलं प्रत्येक दुसरं अक्षर ज्याच्या हातात पडतं त्याला ते कामाला लावतं. 'न्' कुणालाच कामाला लावत नाही. तो सगळ्या खोलीला मोकळं करतो, आणि मोकळी खोलीच ऐकू शकते. नियमानं बाहेर ठेवलेली गाणी म्हणूनच शेवटासाठी राखून ठेवलेली आहेत. फक्त ती मुद्दाम निवडावी लागतात, हरायची तयारी ठेवून. चुकून 'न्' आला तर तो नुसता पराभव. जाणूनबुजून दिला तर त्यात निवड आहे, आणि आमच्या मते या खेळातली सर्वांत चांगली निवड तीच. त्या 'रु'वाल्या मित्राला आम्ही हे सांगितलं. तो म्हणाला, "मग जिंकायचं कुणी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात यादी न आणता आला, हे त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

त्यानंतर आम्ही जायच्या आधीची शेवटची पाळी ठरवूनच ठेवायचो. शेवटच्या गाडीला अर्धा तास उरला, की ज्याची पाळी असेल त्यानं 'न्'चं गाणं शोधायचं. कुणी 'रॉबिन्सन' म्हणायचं, कुणी 'सोत्सुग्यो शाशिन'. त्या नव्या मुलीनं एकदा 'लेमन' म्हटलं. साहेब शेजारीच बसले होते. पाटी पालथी ठेवून, डोळे मिटून.

तर दारात अडवणाऱ्यांना आमचं उत्तर एवढंच. पुढच्या वेळी भेंड्या खेळाल, कराओकेला जाल, किंवा नुसतं कुणाला एक गाणं पाठवाल, तेव्हा ते कसं संपतं ते बघा, आणि त्याच्या पुढे कोण बसलंय तेही बघा.